चार नंबरच्या वॉर्डाचं दूध

आमच्या गावात आजारातून उठलेल्या माणसाला गुलाबी दूध देतात. बाळंतीण घरी आली की गुलाबी दूध, रक्त देऊन आलेल्याला गुलाबी दूध, परीक्षेच्या दिवसांत मुलांनाही तेच. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: त्यानं रक्त वाढतं. हे उत्तर मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. हॉस्पिटलच्या फाटकासमोर या दुधाची पाच दुकानं आहेत आणि आता नव्या इमारतीच्या भिंतींनाही तोच रंग दिला आहे.

त्या रंगानं रक्त वाढत नाही. तो चोर पकडण्यासाठी होता. मला हे ठाऊक आहे, कारण तो दुधात घालावा ही कल्पना माझी. ज्या बाईनं तो पहिल्यांदा घातला, तिला तो केवढ्याला पडला त्याची ही हकीकत.

त्यांना सगळे दूधबाई म्हणत. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात त्या दुधाच्या कामावर होत्या. पहाटे पाचला दूध येई. ते तापवून चार किटल्यांत भरायचं आणि एकेका वॉर्डाचा वॉर्डबॉय आपापली किटली घेऊन जाई. माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातचं दूध उतू गेलेलं मी पाहिलं नाही. अंगानं बेताच्या, बोलायला फटकळ. नव्या डॉक्टरानं स्वयंपाकघरात डोकावून काही सुचवलं तर म्हणत, तुम्ही नाडी सांभाळा, मी पातेलं सांभाळते, दोघांपैकी एकाची जरी नजर हटली तरी निस्तरायला तिसराच येतो.

मी स्टोअरमध्ये तात्पुरता कारकून म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, नुकताच बी.कॉम. झालेला. तीन महिने होतात न होतात तोच रोग्यांकडून तक्रारी सुरू झाल्या की दुधात पाणी आहे. एका रोग्याच्या म्हाताऱ्या आईनं पेला थेट मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे त्या वेळच्या अधीक्षकांच्या, टेबलावर नेऊन ठेवला आणि विचारलं, यात माझं तोंड दिसतंय, तुमचं दिसतंय का बघा. मोठ्या डॉक्टरांनी स्वयंपाकघराला आठ दिवसांची मुदत दिली. स्वयंपाकघर म्हणजे दूधबाई. त्यांची नोकरी गेली असती तर हॉस्पिटलच्या मागची एका खोलीची क्वार्टरही गेली असती. तिथे त्या, त्यांचा नवरा आणि सात वर्षांची मुलगी असे तिघं राहत. नवरा हॉस्पिटलातच चार नंबरच्या वॉर्डाचा वॉर्डबॉय होता.

बाई स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पाणी माझ्याकडे पडत नाही, वाटेत पडतं. पण वाटा चार आणि मी एकटी. मी कॉलेजात अंतर्गत तपासणी हा विषय शिकलो होतो आणि शिकलेलं कुठे तरी वापरून बघायची हौस होती. पांढऱ्या दुधात पाणी घातलं तर ते पांढरंच दिसतं. रंगीत दुधात घातलं तर रंग फिका पडतो. मी त्यांना खाण्याच्या गुलाबी रंगाची डबी आणि एक छोटा चमचा आणून दिला. पातेल्याला एक सपाट चमचा, रोज तेवढाच. खाटांचे नंबर रंगवणाऱ्या पेंटरकडून बरोबर त्याच रंगाच्या चार पत्र्याच्या पट्ट्या करून घेतल्या आणि चारी वॉर्डांच्या दारांत ठोकल्या. सिस्टरनं रोज पहिला पेला पट्टीशेजारी धरून बघायचा. पट्टी कशाची, हे सिस्टर, मेट्रन, बाई आणि मी एवढ्यांनाच माहीत. वॉर्डबॉयांना काही कळू द्यायचं नाही, घरीही नाही, असं मी बाईंना बजावलं. त्यांनी मान हलवली.

त्याच दिवशी मी आणखी एक काम केलं. वॉर्डबॉयांची संघटना जोरात होती आणि मी तात्पुरता होतो. म्हणून या योजनेच्या मंजुरीच्या कागदावर ‘सूचना : स्टोअर’ असं लिहायचं ते ‘सूचना : स्वयंपाकघर’ असं लिहिलं आणि खाली बाईंची सही घेतली. त्या आठवड्यात त्यांनी कशावरही सही केली असती.

पहिल्या दिवशी तीन वॉर्डांचं दूध पट्टीला तंतोतंत जुळलं. चार नंबरचं फिकं आलं. आठ वाजता सिस्टरनं तसा निरोप दिला, तो मी बाईंना सांगितला. त्या जरा चरकल्या, पण एवढंच म्हणाल्या की किटली वॉर्डात पोचेपर्यंत दहा जणांचे हात लागतात.

अकराला काम आटोपून त्या खोलीवर गेल्या. फळीवर सलाइनची रिकामी बाटली असे, काचेची, रबरी बुचाची. नवरा रोज सकाळी तीत दूध आणून ठेवायचा. ऑपरेशनच्या रोग्यांना उपाशी ठेवतात, त्यांच्या वाटणीचं उरतं, ते सिस्टर देतात, असं त्यानं सांगितलं होतं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन वर्षं बाई ते दूध मुलीला पाजत होत्या. मुलगी फार किडकिडीत होती. त्या दिवशी तिनं स्वतःच बाटलीतलं दूध पेल्यात ओतून घेतलं होतं आणि असलं रंगीत दूध प्रथमच बघून ती हरखून गेली होती.

बाईंनी पेला पाहिला. वॉर्डात उरलेलं दूध असतं तर ते फिकं असायला हवं होतं. हे फिकं नव्हतं. पहाटे त्यांनी पातेल्यात पाहिला होता तोच रंग, जसाच्या तसा. म्हणजे पाणी पडायच्या आधीच ते किटलीतून काढलेलं होतं. त्यांनी मुलीच्या हातातून पेला काढून घेतला आणि पेला न् बाटली दोन्ही मोरीत ओतून टाकली.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा बाईंनी त्याला चार नंबरचं दूध फिकं आल्याचं सांगितलं. त्यानं काही नाकारलं नाही. फक्त ताट पुढे ओढत म्हणाला, "पोरीची हाडं मोज एकदा. चिमूटभर रंग दे मला पुडीत बांधून. बाकीचं मी बघतो."

"ते रोग्यांचं आहे."

"रोगी काय, आज आहेत, उद्या आपापल्या घरी जातील. ही आपली आहे."

बाईंनी रंग दिला नाही. हे सगळं पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनीच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चार नंबरच्या किटलीत थोडा रंग जास्त टाकला असता तरी निभावलं असतं, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, झाकण हातात धरून मी घटकाभर उभी राहिले, मग लावून टाकलं. बायको आपल्याला अडकू देणार नाही असा नवऱ्याचा भरवसा होता. त्यानं किटली उचलली आणि नेहमीप्रमाणे धोबीखान्यामागच्या नळावर गेला. चार नंबरच्या वाटेवर तो एकच नळ, म्हणून तिथे मेट्रन आणि मी उभे होतो. त्याच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्या हातात किटलीचं झाकण.

चौकशीच्या वेळी मंजुरीचा कागद वाचून दाखवण्यात आला. ‘सूचना : स्वयंपाकघर’ हे शब्द आले तेव्हा त्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. "सापळा तू लावलास होय," एवढंच म्हणाला. मी त्याच खोलीत होतो. तो कागद माझ्या अक्षरातला होता. मी बोललो नाही. त्याला कामावरून काढलं. बाईंची नोकरी आणि क्वार्टर राहिली. मी पुढच्या महिन्यात कायम झालो.

यानंतर जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. चोरी थांबली आणि दोन वर्षांनी चार नंबरच्या रोग्यांना अख्खं दूध मिळू लागलं. माणसं लवकर उठून बसू लागली, गाल भरू लागले. कालपर्यंत दूध पांढरं होतं आणि अंगी लागत नव्हतं, आज गुलाबी आहे आणि लागतंय, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी सगळं श्रेय रंगाला दिलं. घरी जाणारे रोगी सिस्टरला विचारू लागले की हे औषध बाहेर कुठे मिळेल. सिस्टरला खरं सांगायची मनाई होती. ती म्हणे, घरीही दूध पीत जा. लोक त्यातला दुधाचा भाग सोडून देत आणि रंगाचा तेवढा लक्षात ठेवत.

आणि ज्याला हे सगळं नीट ठाऊक होतं असा एक माणूस फाटकाबाहेर रिकामा बसलेला होता. सहा महिन्यांनी नवऱ्यानं फाटकासमोर गाडी लावली. बाईंनी त्याला प्रमाण कधीच सांगितलं नाही, त्यानं ते नुसत्या नजरेनं जमवलं. ‘हॉस्पिटलचं दूध’ असं ओरडून तो विकत असे. रक्त वाढतं, हे वाक्य त्याचं. आधी त्याची एक गाडी, मग दुसऱ्यांच्या दोन, मग दुकानं, मग घरोघरी. दहा वर्षांत वॉर्डांतली पट्टी कशासाठी होती हे नव्या सिस्टरनाही माहीत राहिलं नाही. घरी जाणारे रोगी जाता जाता शुभ समजून तिच्यावरून अंगठा फिरवीत. तिचे कोपरे झिजून पत्रा दिसू लागला.

तो माणूस बाईंच्याच क्वार्टरमध्ये राहत होता, पण त्यांच्याशी बोलत नव्हता. काही सांगायचं झालं की मुलीमार्फत सांगे. मुलगी शाळा सुटली की गाडीवर बापाशेजारी उभी राही. बाईंनी पुढे केलेलं दूध तिनं त्या दिवसानंतर कधीच घेतलं नाही. जेवण घेई, चहा घेई, दूध नाही. लग्न झाल्यावर ती बापाला आपल्याकडे घेऊन गेली. सहा वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हा बाईंना निरोप फाटकावरच्या वॉचमननं दिला. त्या जाऊन सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि ड्यूटीच्या वेळेला परत आल्या.

आज फाटकासमोरच्या पाच दुकानांतलं मधलं दुकान त्या मुलीचं आहे. आत बापाचा फोटो आहे, वर बोर्ड आहे: ‘मूळ गुलाबी दूध’. खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की अशक्त रोग्यांची दया येऊन एका वॉर्डबॉयनं हे दूध तयार केलं आणि बदल्यात त्याला अन्याय सोसावा लागला.

यंदा हॉस्पिटलला पन्नास वर्षं झाली. समारंभ ठरला आणि त्याच महिन्याच्या अखेरीला दूधबाई निवृत्त व्हायच्या होत्या. स्मरणिकेचं काम बघणारी तरुण बाई माझ्याकडे आली. जुने कागद माझ्याकडे जागच्या जागी सापडतात अशी ख्याती आहे. तिला गुलाबी दुधाच्या जन्मावर एक पान हवं होतं. मुलीनं आपली हकीकत लिहून दिलीच होती, मी फक्त तारखा तपासायच्या होत्या. मी ते पान वाचलं. त्यात बाईंचा उल्लेख एकदाच होता: ‘घरातूनच विश्वासघात झाला.’

पान घेऊन मी दूधबाईंच्या क्वार्टरवर गेलो. सामान बांधायला काढलेलं होतं. निवृत्तीनंतर महिन्याभरात खोली रिकामी करायची होती आणि पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. मी पान वाचून दाखवलं. त्या ऐकत ऐकत पातेल्यांची उतरंड सुतळीनं बांधत होत्या.

"तुम्ही लिहा, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "जसं झालं तसं लिहा. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही. छापलेलं खरं वाटेल."

"आणि मग?"

"मग बोलावलं तर जाईन तिच्याकडे. नाही तर खोली बघायचीच आहे."

असं त्यांचं सगळं त्या एका पानावर येऊन ठेपलं. मी दोन दिवसांत ते लिहिलं. तक्रारीपासून चौकशीपर्यंत सगळं तारीखवार. सूचना माझी होती आणि कागदावर बाईंचं नाव मी घातलं, हेही लिहिलं. छापायला देण्याआधी मुलीला निदान तोंडी सांगावं म्हणून मी तिच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. ती पेले विसळत होती.

मी कागदाची गोष्ट सांगितली. तिनं हात थांबवला नाही.

"काका, ते बाबांना तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "हे बी.कॉम.चं डोकं आहे, तुझ्या आईचं नाही, असं म्हणायचे."

मग मी विचारलं की दूध चोरून आणलेलं होतं, हे तरी तिला ठाऊक आहे का.

"मीच प्यायले ना ते. ठाऊक नसेल?"

"पण बोर्डावर तर..."

"बोर्ड गिऱ्हाइकांसाठी आहे." तिनं एक पेला उपडा ठेवला. "तिनं माझ्या हातातून पेला काढून घेतला ना, ते मोठी झाल्यावर मला समजलं. मीही घेतला असता. पण बाबांनी चिमूटभर रंग मागितला होता. मी तिथंच बसले होते. तिच्याकडे अख्खी डबी होती, काका."

मी म्हणालो की समोर आजारी माणसं होती. ती म्हणाली, हो, होती. एवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तिनं मला पेला देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो.

संध्याकाळी मी हे दूधबाईंना शब्दशः सांगितलं. सांगायला नको होतं की काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी हातातल्या सुतळीची गाठ आवळली. मग म्हणाल्या, "म्हणजे छापून उपयोग नाही. तिला सगळं खरंच माहीत आहे."

छापलं गेलंही नाही. स्मरणिकेच्या समितीनं माझं पान परत केलं. पन्नासाव्या वर्षात चोरीचा विषय नको, असं मत पडलं. मुलीचंही पान घेतलं नाही, कारण त्यात अन्यायाचा उल्लेख होता. स्मरणिकेत शेवटी असं आलं की तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी पोषणावर बरेच प्रयोग करून हे दूध सिद्ध केलं. मोठे डॉक्टर आता हयात नाहीत. असते तर त्यांनाही ही बातमीच ठरली असती.

समारंभ नव्या इमारतीच्या तळमजल्यावर झाला. व्यासपीठाशेजारी जुन्या वॉर्डांतली एक पट्टी काचेच्या चौकटीत लावली होती, खाली ‘आमचा वारसा’ असं लिहून. सत्कारमूर्तींत दूधबाई होत्या. त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नंतर सगळ्यांना गुलाबी दूध द्यायचं होतं. नव्या इमारतीचं स्वयंपाकघर कंत्राटदाराकडे आहे आणि त्याला चहापलीकडे काही जमत नाही, म्हणून दूध मुलीच्या दुकानातून मागवलं होतं. ती स्वतः ताट घेऊन आली आणि पहिल्या रांगेपासून पेले देऊ लागली. आईपुढेही तिनं ताट धरलं.

दूधबाईंनी पेला उचलला. तोंडाला लावण्याआधी त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि नजर चौकटीतल्या पट्टीकडे नेली. तेहतीस वर्षांची सवय ती. मी शेजारच्या खुर्चीवर होतो, मीही पाहिलं. दूध फिकं होतं. पावशेर तरी पाणी असावं शेराला. एवढ्या माणसांचं दूध, कुणाच्या लक्षात येणार, असा तिचा विचार असेल. पण आई काय बघते आहे हे मुलीला कळलं. ताट धरलेले तिचे हात जागच्या जागी थांबले. त्या भरल्या सभेत ते कळण्यासारखी माणसं आम्ही तिघंच होतो.

बाईंनी पेला एका दमात संपवला आणि ताटात ठेवला.

"रंग अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मुलीनं रिकामा पेला ताटात बाजूला सरकवला. मग दुकानात सगळ्यांना विचारते त्याच आवाजात तिनं विचारलं, "अजून हवंय?"

"दे."

दुसराही पेला त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मुलगी ताट घेऊन पुढच्या खुर्चीकडे सरकली. समारंभ संपेपर्यंत ती पुन्हा या बाजूला आली नाही.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला दूधबाईंनी क्वार्टरची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. एका शिंप्याच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. जिना उभा होता, पण पाणी वर येत होतं. मुलीकडून काही विचारणा झाली का, असं मी विचारलं.

"झाली की," त्या म्हणाल्या. "अजून हवंय का म्हणून विचारलं नाही का तिनं, तुमच्यासमोर?"

त्यांनी पिशवीतून रंगाचा चमचा काढून किल्लीशेजारी ठेवला. दांडा वाकलेला, पण माप शाबूत. मी स्टोअरची यादी उघडून पाहिली. तो चमचा मी तेव्हा बाजारातून परस्पर आणून दिला होता आणि यादीत कधी चढवलाच नव्हता. जे यादीत नाही ते परत जमा करता येत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी चमचा उचलून पुन्हा पिशवीत टाकला आणि त्या जिन्याची सवय व्हायला हवी म्हणत उठल्या.